कंपनीच्या माणसांची कॉलेजात कार्यशाळा: आधी काम तयार करा, मग तारीख ठरवा

सोलापुरात अनेक कॉलेजांत हे काम उलट्या क्रमाने होतं. आधी तारीख ठरते, मग बॅनर छापायला जातो, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या कुणाला तरी फोन जातो. तो माणूस आदल्या रात्री विचारतो, "सर, नेमकं काय बोलायचं?" आपण सांगतो, "मुलांना जरा मार्गदर्शन करा." मग सभागृहात दोनशे मुलं बसतात, तासभर भाषण ऐकतात आणि हातात काहीच न घेता घरी जातात. पाहुण्याचा दिवस जातो आणि मुलांचाही.

हा लेख प्लेसमेंट सेलचे समन्वयक, विभागप्रमुख आणि कॉलेजात येऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांचे एचआर यांच्यासाठी आहे. पुढचं सगळं माप एका दिवसाच्या कार्यशाळेचं आहे: ३६ विद्यार्थी, चौघांचे ९ गट, कंपनीचे दोन जण आणि कॉलेजचा एक शिक्षक. तयारीला पाच आठवडे धरा. विद्यार्थी जास्त असतील तर कार्यशाळा दोनदा घ्या, पण गट मोठे करू नका. सहा जणांच्या गटात दोघं काम करतात आणि चौघं बघत बसतात.

टप्पा १: मुलं नेमकी कुठे अडतात ते शोधा (पाच आठवडे आधी)

'व्यक्तिमत्त्व विकास' हा विषय होऊ शकत नाही, कारण तो शिकवून झाला की नाही हे तपासता येत नाही. विषय एका वाक्यात आणि क्रियापदासह लिहा: 'खरेदीचं बिल तपासून चूक लेखी कळवणे', 'ड्रॉइंग वाचून तपासणी अहवाल भरणे', 'ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर लिहिणे'.

हा विषय दोन ठिकाणी सापडतो. पहिलं ठिकाण म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलाखती. निवड न झालेल्या दहा-बारा मुलांना बोलावून विचारा, कोणत्या प्रश्नावर थांबलात? दुसरं ठिकाण म्हणजे मालक. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले दोन-तीन कारखाने, एखादं सीए ऑफिस, एखादं मोठं रुग्णालय यांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "नव्या पोराला पहिल्या महिन्यात तुम्हाला काय परत परत सांगावं लागतं?" 'मुलांमध्ये काय कमी आहे?' असं विचारलंत तर 'कम्युनिकेशन' हे ठरलेलं उत्तर येतं. पहिल्या महिन्याबद्दल विचारलंत तर माणूस नेमकं बोलतो: माप घेतो पण रजिस्टरला वेळ टाकत नाही, चूक कळते पण सांगायला घाबरतो, मेलला उत्तरच देत नाही.

तपासून पाहा: तुमचा विषय वाचून एखाद्या सुपरवायझरला 'हे तर माझं रोजचं काम' असं वाटतं का? वाटत नसेल तर पुन्हा लिहा.

टप्पा २: पद नव्हे, ते काम रोज करणारा माणूस मागा

एचआरकडून परवानगी घ्या, पण शिकवायला एचआरसोबत शॉपफ्लोअरचा किंवा खात्याचा माणूस मागा. क्वालिटी इन्स्पेक्टर, शिफ्ट इन्चार्ज, डिस्पॅच क्लार्क, अकाउंटंट. हे लोक व्यासपीठावर बोलायला कचरतात, पण टेबलाशी बसून चूक दाखवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

कंपनीला पाठवायचं पत्र एका पानाचं असावं आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात: एका वाक्यातला विषय, विद्यार्थ्यांचा वर्ग आणि संख्या, कंपनीकडून किती तास हवेत (तयारीसाठी दोन आणि त्या दिवशी पाच), त्यांनी काय आणायचं, आणि आम्ही भाषण मागत नाही आहोत हे स्पष्ट वाक्य. हे शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचलं की भाषणाच्या धास्तीने नकार देणारे सुपरवायझरही 'येतो' म्हणतात.

इशारा: नोकरीची हमी देऊन मुलांकडून नोंदणी शुल्क, अनामत किंवा 'ट्रेनिंग किट'चे पैसे मागणाऱ्या कुणालाही कॉलेजच्या आवारात येऊ देऊ नका. तो कंपनीचं ओळखपत्र दाखवत असला तरी कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा. एका कुटुंबाचे चार-पाच हजार बुडाले तरी ते घर हलतं, आणि ते पैसे कॉलेजच्या नावावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

टप्पा ३: खरं काम कागदावर आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी टप्पे कमीजास्त झाले तरी चालतं, हा कच्चा राहिला की कार्यशाळेचं व्याख्यान होतं.

कंपनीच्या माणसासोबत दोन तास बसा आणि त्याच्या टेबलावरचा एक खरा कागद घ्या. ग्राहकाचं नाव, दर आणि ऑर्डर क्रमांक झाका. मग त्यात ठरवून चुका पेरा. पाऊण तासाच्या कामात तीन चुका पुरतात: एक सहज दिसणारी, एक हिशोब केल्यावर कळणारी आणि एक अशी की आकडे बरोबर असूनही निर्णय चुकतो.

सोलापूरच्या टेरी टॉवेलचंच उदाहरण घेऊ. ऑर्डरवर लिहिलंय: आकार ७० × १४० सेंमी, ४५० जीएसएम, फरक अधिक-उणे ५ टक्के, एका बॉक्समध्ये ४० नग. मुलांना दहा नगांची वजनं ग्रॅममध्ये दिली आहेत: ४३८, ४४५, ४१७, ४४१, ४५२, ४६६, ४३६, ४१४, ४४९, ४४०. प्रश्न एकच: माल पाठवायचा का?

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. या टॉवेलचं क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर आहे, म्हणून एका नगाचं वजन ४४१ ग्रॅम हवं. पाच टक्क्यांनी मर्यादा साधारण ४१९ ते ४६३ ग्रॅम येते. पहिली चूक इथेच होते. मुलं सेंटिमीटरचं मीटर करायला विसरतात आणि उत्तर लाखांत येतं. दुसरी चूक सरासरीची. दहा नगांची सरासरी ४३९.८ येते, म्हणजे जवळपास अचूक. बहुतेक गट इथेच 'पाठवा' लिहून पेन खाली ठेवतात. पण ४१७, ४१४ आणि ४६६ हे तीन नग मर्यादेबाहेर आहेत. खरेदीदार सरासरी विचारत नाही, त्याच्या हातात एक टॉवेल असतो.

तिसरी पायरी कंपनीच्या माणसानेच उलगडावी. नग हलका आहे म्हणजे कापड हलकं आहे असं नाही, तो कापताना आखूड झालेला असू शकतो. म्हणून वजनाआधी टेप लावायची. सूत हवेतला ओलावा धरतं, म्हणून पावसाळी दिवशी केलेलं वजन आणि मे महिन्यातलं वजन यांत फरक पडतो. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं, पण तपासनीस हातात टॉवेल धरून सांगतो तेव्हा ते मुलांच्या डोक्यात बसतं.

एवढ्यावर काम संपवू नका. प्रत्येक गटाने सुपरवायझरला चार ओळींचा निरोप लिहायचा. चांगला निरोप असा:

"दहापैकी तीन नग वजनाच्या मर्यादेबाहेर: ४१७ व ४१४ हलके, ४६६ जड. सरासरी ४३९.८, ठीक. तिन्हींचा आकार अजून मोजलेला नाही, तो आता मोजतो. तोवर हा लॉट पॅकिंगला देऊ नये असं वाटतं. दुपारी २ च्या आत कळवावं."

यात काय सापडलं, काय अजून माहीत नाही, आपण काय करतोय आणि समोरच्याने काय करायचं, हे चारही आहे. हिशोब बरोबर येणाऱ्या अर्ध्याअधिक गटांचा निरोप मात्र 'सर वजनात प्रॉब्लेम आहे' इतकाच असतो. नोकरीत माणूस अडतो तो याच जागी, म्हणून गुण देणार असाल तर निम्मे या निरोपाला द्या.

वाणिज्य शाखेला बिलांचं काम द्या. सोलापूरच्या व्यापाऱ्याची वीस विक्री बिलं घ्या, काही माल धाराशिवला, काही कलबुर्गीला पोचवलेला. धाराशिव राज्यातलं, म्हणून केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. कलबुर्गी कर्नाटकातलं, म्हणून आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी. एका कलबुर्गीच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लावून ठेवा. एका बिलावर जीएसटी क्रमांक पंधराऐवजी चौदा अक्षरांचा ठेवा. तिसऱ्यात करासह बेरीज चुकवा. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९, हे मुलांना आधी सांगू नका. ते शोधू द्या.

रसायनशास्त्राच्या वर्गाला एखाद्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक द्या. त्यात सोळा विभाग असतात. 'ड्रम गळतोय, एकाच्या डोळ्यात थेंब गेलाय' एवढं सांगून प्रथमोपचाराचा चौथा विभाग आणि हातमोजे-चष्म्याचा आठवा विभाग किती वेळात सापडतो ते घड्याळ लावून बघा. कला शाखेला लेखी तक्रारीला उत्तर देण्याचं काम चांगलं जमतं.

तपासून पाहा: काम तयार झालं की कार्यशाळेत नसलेल्या दोन विद्यार्थ्यांना ते सोडवायला बसवा. अर्ध्या तासाच्या आत संपलं तर सोपं आहे. तासभरातही पहिली पायरी सुटली नाही तर कागदावर माहिती अपुरी आहे, मुलं कमी पडत नाहीत.

टप्पा ४: आता तारीख

काम हातात आल्यावरच तारीख काढा. टाळायचे दिवस असे:

- विद्यापीठाच्या परीक्षा आणि त्याआधीचे पंधरा दिवस. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं वेळापत्रक आधी बघा.
- संक्रांतीचा आठवडा. सिद्धेश्वर यात्रेत शहरातले रस्ते वळवलेले असतात आणि मुलांचंही लक्ष नसतं. आषाढीच्या आसपास पंढरपूरकडच्या एसटीचा भरवसा धरू नका.
- अकाउंट्सच्या माणसासाठी महिन्याची ७, ११ आणि २० तारीख. टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) भरणा आणि जीएसटी विवरणपत्रांमुळे त्या आधीचे दोन दिवसही गेले. २१ ते २६ हा काळ त्यामानाने मोकळा असतो.
- कारखान्यात महिन्याचे शेवटचे तीन दिवस. डिस्पॅचची घाई असते, कबूल केलेला माणूसही सुटत नाही.

साप्ताहिक सुट्टी कारखान्यागणिक वेगळी असते. ती विचारून घ्या आणि त्या दिवशी त्या माणसाला बोलावू नका. हक्काची सुट्टी आपल्यासाठी मोडायला लावणं बरं नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारचं सत्र ठेवूच नका.

टप्पा ५: विद्यार्थी निवड आणि घरचं काम (दोन आठवडे आधी)

सूचना फलकावर लावून 'येणाऱ्यांनी नावं द्या' म्हटलं की नेहमीचीच मुलं येतात. मागच्या बाकावरचा मुलगा, मोहोळ किंवा अक्कलकोटहून रोज एसटीने येणारी मुलगी नाव देत नाहीत, आणि ही संधी त्यांनाच सगळ्यात जास्त हवी असते. एकूण जागांतल्या किमान बारा जागा वर्गशिक्षकांनी स्वतः बोलावून भराव्यात.

निवड झालेल्या प्रत्येकाने आठ दिवस आधी दोन गोष्टी कॉलेजच्या ईमेलवर पाठवायच्या: एका पानाचा बायोडाटा पीडीएफमध्ये आणि सोबत पाच ओळींचा मेल. हीच प्रवेशाची अट. मेल आले की त्याच त्या चुका दिसतात: विषयाची ओळ रिकामी, मेलमध्ये एकही शब्द नाही, बायोडाटा मोबाइलने काढलेला तिरका फोटो, फाइलचं नाव 'न्यू फायनल २'. एकदा दुरुस्त करून परत पाठवायला सांगा. नाकारू नका.

इशारा: फॉर्मवर आधार क्रमांक, बँक खातं, जात, वडिलांचं उत्पन्न मागू नका. कार्यशाळेला यातलं काहीच लागत नाही. बायोडाटा कंपनीला देणार असाल तर तसं सांगून विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या.

गट करताना मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र बसू देऊ नका, चारही जण वेगवेगळ्या तुकडीचे ठेवा. भाषेचंही आधीच ठरवा. आपल्या वर्गात मराठीबरोबर घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुलं असतात. गटात त्यांनी हव्या त्या भाषेत बोलावं, पाहुण्यांनी मराठी-हिंदीत समजवावं. लेखी निरोप मात्र त्या कंपनीत ज्या भाषेत जातो त्याच भाषेत लिहायचा. 'फक्त इंग्रजीत बोला' असं फर्मान काढलं की हुशार मुलंसुद्धा गप्प बसतात आणि कामाचं कौशल्य आहे की नाही हे कळतच नाही.

टप्पा ६: खोली आणि सामान

सभागृह नको. हलवता येतील अशी बाकं असलेला मोठा वर्ग किंवा ड्रॉइंग हॉल घ्या. नऊ टेबलं, प्रत्येकाभोवती चार खुर्च्या, मधून पाहुण्याला चालता येईल इतकी वाट.

- कामाचे कागद: दर गटाला दोन प्रती, म्हणजे १८, वर ४ जादा. दुसऱ्या फेरीचे तेवढेच, वेगळ्या रंगाच्या कागदावर.
- निरोप लिहायला कोरी पानं: ४०.
- टॉवेलचं काम असेल तर ९ खरे नग, ३ टेप, १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारे ३ इलेक्ट्रॉनिक काटे.
- फळा, खडू, एक मोठं घड्याळ. मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर वापरू द्या, कारखान्यातही तेच वापरतात.
- पिण्याच्या पाण्याचे दोन जार. त्या दिवशी नळाला पाणी येईलच असं धरू नका.

प्रोजेक्टरवर अवलंबून राहू नका. वीज गेली तरी दिवस चालला पाहिजे, म्हणून सगळं कागदावर.

तपासून पाहा: आदल्या दिवशी काट्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघा. एक लिटर पाणी मोजून भरा, रिकाम्या भांड्याचं वजन वजा जाता साधारण एक किलो आलं पाहिजे. तिन्ही काटे वेगवेगळं दाखवत असतील तर अख्खा दिवस त्या वादात जाईल.

टप्पा ७: प्रत्यक्ष दिवस

९.४५ हजेरी, गटाप्रमाणे बसणं.
१०.०० स्वागत, पाच मिनिटं. गुलाबाचं एक फूल पुरे. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर निघताना द्या.
१०.०५ पाहुणे आपलं काम सांगतात: हा कागद कुठून येतो, चुकला तर कुणाचं काय अडतं. वीस मिनिटं.
१०.२५ पहिली फेरी, पंचेचाळीस मिनिटं.
११.१० चहा.
११.२५ तीन गटांचे निरोप फळ्यावर. पाहुणे चुका दाखवतात.
१२.१५ दुसरी फेरी, नवे आकडे, पस्तीस मिनिटं.
१२.५० जेवण.
१.३० तोंडी फेरी. दोन पाहुणे आणि शिक्षक अशी तीन टेबलं, प्रत्येकासमोर बारा विद्यार्थी. तीन मिनिटांत आपलं काम समजावून सांगायचं.
२.१५ बायोडाटावर सूचना.
२.४५ प्रश्न आणि अभिप्राय.
३.०० समाप्त. बार्शी, मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या मुलींना उजेडात घरी पोचता यावं म्हणून ही वेळ पुढे ढकलू नका.

दुसरी फेरी वेळेअभावी गाळली जाते, आणि या दिवसातली सगळ्यात मोठी चूक हीच. पहिल्या फेरीत मुलाला चूक कळते, पण आपल्याला हे जमतं असं त्याला वाटतं ते दुसऱ्या फेरीत. वेळ कमी पडत असेल तर बायोडाटा सोडा, तो मेलवरही तपासता येतो.

पहिल्या फेरीत पाहुण्यांनी पंधरा मिनिटं तरी कुणालाही उत्तर सांगायचं नाही. हे त्यांना आधी सांगून ठेवा, कारण चांगल्या माणसाला राहवत नाही. शिक्षकांनाही तेच लागू आहे. आपलं मूल पाहुण्यांपुढे चुकतंय हे बघवत नाही म्हणून शिक्षक हळूच उत्तर सुचवतात, आणि त्या मुलाची शिकण्याची जागा जाते.

फळ्यावर निरोप लिहिताना गटाचं नाव लिहू नका.

टप्पा ८: पुढचे पंधरा दिवस

दोन दिवसांत कंपनीला आभाराचा मेल जायला हवा, आणि तो विद्यार्थ्यांनी लिहायचा. प्रत्येक गटाची दोन वाक्यं: काय चुकलं होतं, आता काय वेगळं करू. कंपनीच्या माणसाला कोणत्याही स्मृतिचिन्हापेक्षा हे मोलाचं वाटतं आणि पुढच्या वेळी तो स्वतःहून तारीख विचारतो.

अभिप्राय फॉर्मवर 'कार्यशाळा कशी वाटली' हा प्रश्न ठेवू नका, सगळे 'छान' लिहितात. त्याऐवजी तिथल्या तिथे एक छोटं उदाहरण सोडवायला द्या. टॉवेलचं काम केलेल्यांना ६० × १२० सेंमी, ५०० जीएसएमच्या नगाचं वजन विचारा. ३६० ग्रॅम हे उत्तर किती जणांना आलं, तोच तुमच्या अहवालातला आकडा.

प्रमाणपत्रावर 'सहभाग' एवढंच न छापता त्या दिवशी केलेलं काम लिहा: 'टेरी टॉवेलच्या लॉटची वजन तपासणी व लेखी अहवाल'. मुलाखतीत बायोडाटावरच्या या ओळीवर प्रश्न येतो आणि मुलाकडे उत्तर असतं.

इशारा: एका दिवसाची कार्यशाळा म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात ओजेटीचे स्वतंत्र श्रेयांक आणि ठरलेले तास आहेत. ही हजेरी तिकडे दाखवू नका. ओजेटीसाठी मुलं घ्याल का, हे मात्र कंपनीला याच आठवड्यात विचारा. त्यांनी मुलांचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पंधराव्या दिवशी त्या ३६ जणांना वीस मिनिटांसाठी पुन्हा बोलावून नव्या आकड्यांचं तेच काम द्या. जे गट अडतील त्यांचे कागद फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या कार्यशाळेचा विषय ठरवताना टप्पा १ मध्ये सगळ्यात आधी ती फाइल उघडा.